स्पिरुलिना: रक्ताला आणि मूत्रपिंडांना कितपत उपयोगी?

स्पिरुलिना नील-हरित शैवाल म्हणून ओळखले जाते. शास्त्रीयदृष्ट्या तो सूर्यप्रकाशावर वाढणारा जिवाणू आहे. आफ्रिकेत चाड सरोवराकाठचे लोक ते पिढ्यानपिढ्या वाळवून खातात. आपल्याकडे ते भुकटी आणि गोळ्यांच्या रूपात मिळते.

रक्तवाढीसाठी त्याची शिफारस होते, पण हिशेब पाहायला हवा. ५ ग्रॅम भुकटीतून जेमतेम दीड मिलिग्रॅम लोह मिळते. भारतीय प्रौढ स्त्रीची शिफारस केलेली रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. त्यातले बी-१२ बहुतांशी शरीराला वापरता न येणाऱ्या रूपात असते, म्हणून शाकाहारी मंडळींनी त्यावर विसंबू नये. कोलेस्टेरॉल थोडे कमी होत असल्याचे मात्र काही छोट्या चाचण्यांत दिसले आहे.

यातील फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याने उंदरांच्या मूत्रपिंडांना औषधांच्या दुष्परिणामांपासून काहीसे संरक्षण दिले. मात्र त्यावरून माणसाचा मूत्रपिंडविकार बरा होतो असे म्हणता येत नाही. उलट भुकटीत सुमारे ६० टक्के प्रथिने असल्याने, ज्यांना प्रथिने मोजून घ्यायला सांगितले आहे त्यांनी ती आपल्या मनाने सुरू करू नये. युरिक ॲसिड वाढलेल्यांनीही जपावे.

शुद्धता सर्वांत महत्त्वाची. दूषित पाण्यात वाढलेल्या शैवालात शिसे, कॅडमियमसारखे जड धातू येऊ शकतात आणि ते मूत्रपिंडांनाच इजा करतात. सोबत वाढणाऱ्या इतर शैवालांची विषे यकृताला घातक ठरतात. म्हणून तपासणी झालेले उत्पादनच घ्या, आणि हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन तपासून डॉक्टरांशी बोला.