हरलेल्याला उत्तराची संधी: लेकर्स आणि सेल्टिक्स

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम फेरीत बॉस्टन सेल्टिक्स आणि लेकर्स हे दोन संघ आजवर १२ वेळा समोरासमोर आले. त्यांतल्या ९ मालिका सेल्टिक्सनी जिंकल्या, ३ लेकर्सनी. नुसते आकडे पाहिले तर हे वैर एकतर्फी वाटेल. तरीही बास्केटबॉलमधली सर्वांत मोठी चुरस म्हणून याच दोन नावांचा उल्लेख होतो. त्याचे कारण अंतिम फेरीच्या रचनेत आहे.

सात सामने कशासाठी?

एनबीएचा विजेता एका सामन्यावर ठरत नाही. पूर्व आणि पश्चिम विभागांतले विजेते एकमेकांशी जास्तीत जास्त सात सामने खेळतात आणि आधी चार जिंकणारा संघ अजिंक्य ठरतो. प्रत्येक सामना ४८ मिनिटांचा असतो. बरोबरी झाली तर ५ मिनिटांचा जादा वेळ मिळतो. सामने दोन्ही संघांच्या गावी वाटून होतात.

त्यामुळे एका रात्रीच्या नशिबावर अजिंक्यपद पदरात पडत नाही. तेच खेळाडू दोन-अडीच आठवडे एकमेकांना भिडतात. कोण कुठून नेम धरतो, कोण कधी दमतो, हे सगळ्यांना पाठ होते. आज हरलेल्या संघाला दोन-तीन दिवसांत उत्तर शोधता येते. लेकर्स-सेल्टिक्स वैराचा सगळा इतिहास अशा उत्तरांनी भरलेला आहे.

पहिल्या सात मालिका

१९५९ मध्ये दोघांची पहिली गाठ पडली तेव्हा लेकर्स मिनिॲपोलिसमध्ये होते. सेल्टिक्सनी ती मालिका ४-० अशी जिंकली. १९६० मध्ये लेकर्स लॉस एंजेलिसला गेले, पण निकाल बदलले नाहीत. १९६२, ६३, ६५, ६६, ६८ आणि ६९ अशा सहाही वेळा सेल्टिक्सच जिंकले. त्यांच्या बचावाचा आधारस्तंभ बिल रसेल याने १३ हंगामांत ११ विजेतेपदे मिळवली.

तरी लेकर्स दुबळे नव्हते. १९६२ च्या पाचव्या सामन्यात त्यांच्या एल्जिन बेलरने ६१ गुण केले; सातवा सामना जादा वेळेत गेला आणि तीन गुणांनी हातचा निसटला. १९६९ चा पराभव सर्वांत जिव्हारी लागला. सातवा सामना लॉस एंजेलिसला होता आणि विजयोत्सवासाठी सभागृहाच्या छताला फुगे टांगून ठेवले होते. लेकर्सच्या जेरी वेस्टने त्या रात्री ४२ गुण केले, तरी सेल्टिक्स १०८-१०६ ने जिंकले. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान त्या वर्षी प्रथमच दिला गेला आणि तो वेस्टला मिळाला. पराभूत संघातल्या खेळाडूला तो मिळण्याची ती आजवरची एकमेव वेळ आहे.

मॅजिक आणि बर्ड

पुढची मालिका थेट १९८४ मध्ये झाली. मधल्या काळात दोन नवे खेळाडू आले होते. १९७९ च्या महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटने लॅरी बर्डच्या इंडियाना स्टेटला हरवले. त्याच वर्षी मॅजिक लेकर्सकडे आणि बर्ड सेल्टिक्सकडे खेळू लागला. मॅजिक हसतमुख, वेगवान, कुणाच्या ध्यानीमनी नसताना पास देणारा. बर्ड इंडियानातल्या छोट्या गावातला, अबोल आणि लांबून अचूक नेम साधणारा.

१९८४: सेल्टिक्सचे उत्तर

पहिला सामना लेकर्सनी बॉस्टनमध्येच जिंकला. दुसराही त्यांच्या हातात होता, पण शेवटच्या काही सेकंदांत लेकर्सच्या जेम्स वर्दीचा पास सेल्टिक्सच्या जेराल्ड हेंडरसनने मधल्यामध्ये पकडला आणि बरोबरी साधली. जादा वेळेत सेल्टिक्स जिंकले. तिसऱ्या सामन्यात लेकर्सनी १३७-१०४ असा धुव्वा उडवला, तेव्हा बर्डने आपल्याच संघाला जाहीरपणे भेकड ठरवले. चौथ्या सामन्यात सेल्टिक्स अंगावर येऊन खेळले. केव्हिन मॅकहेलने झेप घेणाऱ्या कर्ट रॅम्बिसला हाताने अडवून जमिनीवर आपटले. ते कृत्य धोकादायकच होते, पण तिथून लेकर्सची लय बिघडली आणि हाही सामना जादा वेळेत सेल्टिक्सकडे गेला.

पाचव्या सामन्याच्या वेळी सेल्टिक्सच्या बॉस्टन गार्डन या सभागृहात वातानुकूलन नव्हते आणि आत सुमारे ३६ अंश उकाडा होता. लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार ऑक्सिजन घेत बसला; बर्डने ३४ गुण केले. सातवा सामना जिंकून सेल्टिक्स आठव्यांदा लेकर्सना पुरून उरले.

१९८५: लेकर्सचे उत्तर

पुढच्या वर्षी पहिल्याच सामन्यात सेल्टिक्सनी १४८-११४ असा विजय मिळवला. ३८ वर्षांच्या अब्दुल-जब्बारला फक्त १२ गुण करता आले. तो आता संपला, असे बोलले जाऊ लागले. त्याने स्वतःच्या खेळाचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहिले, कसून सराव केला. संघाच्या बसमध्ये कुटुंबीयांना मज्जाव होता, पण प्रशिक्षक पॅट रायली यांनी त्याच्या वडिलांना सोबत येऊ दिले. दुसऱ्या सामन्यात त्याने ३० गुण केले आणि हुकलेल्या नेमांचे १७ चेंडू ताब्यात घेतले. मालिका ४-२ अशी लेकर्सची झाली आणि निर्णायक विजय बॉस्टनच्याच मैदानावर मिळाला. आठ पराभवांनंतरचा हा पहिला विजय. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू अर्थातच अब्दुल-जब्बार ठरला. १९८७ मध्येही लेकर्सच जिंकले.

याच काळात बर्ड आणि मॅजिक मित्र झाले. १९८५ मध्ये एका बुटांच्या जाहिरातीसाठी मॅजिक बर्डच्या गावी गेला आणि त्याच्या आईच्या हातचे जेवला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये दोघे एकाच संघातून खेळले.

२००८ आणि २०१०

२००८ च्या चौथ्या सामन्यात सेल्टिक्सनी २४ गुणांची पिछाडी भरून काढली आणि सहावा सामना १३१-९२ असा जिंकून मालिका घेतली. दोन वर्षांनी लेकर्सनी सातवा सामना ८३-७९ ने जिंकून परतफेड केली. त्यांच्या कोबी ब्रायंटचे त्या रात्री २४ पैकी १८ नेम हुकले, पण त्याने हुकलेले १५ चेंडू झगडून मिळवले. नेम साथ देत नसतानाही काय करता येते, याचा तो धडा होता.

मालिका कशी पाहावी?

त्यानंतर अंतिम फेरीत दोघांची गाठ पडलेली नाही. सेल्टिक्सनी २०२४ मध्ये अठरावे विजेतेपद मिळवले. लेकर्सकडे १७ आहेत. पुढच्या वेळी कोणतीही अंतिम मालिका पाहाल, तेव्हा पहिला सामना हरलेल्या संघावर नजर ठेवा. दुसऱ्या सामन्यात त्याने कुणाला कुणावर सोडले, वेग वाढवला की कमी केला, आदल्या सामन्यात फसलेल्या खेळाडूवर पुन्हा विश्वास टाकला का, हे पाहा. पराभव पचवून दोन दिवसांत उत्तर घेऊन येणे हेच या खेळातले सर्वांत अवघड काम आहे, आणि सात सामन्यांची मालिका त्याचीच परीक्षा घेते.