कापसाची वेचणी आणि मुलांचे वय

पुलगाव परिसरात कापूस फुटू लागला की वेचणीस मजूर अपुरे पडतात व शाळकरी मुले कामास लावली जातात. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. तदनुसार 14 वर्षांखालील मुलास मजुरीस लावणाऱ्यास 6 महिने ते 2 वर्षे कैद, 20 ते 50 हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घरच्या शेतात शाळा सुटल्यावर वा सुटीत बिनधोक मदत करण्यास मुभा आहे. परंतु शाळा बुडता कामा नये. फवारणीपासून मुलांस सर्वथा दूर ठेवावे. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले. कार्यकर्त्यांनी वेचणीपूर्वीच शेतकरी व मजूर कुटुंबांस हे समजावून द्यावे.