ग्रामपंचायतीच्या दाखल्यापासून ऑनलाइन पावतीपर्यंत

कर्जत म्हटले की मुंबईकराला रायगडातले लोकलचे कर्जत आठवते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, भीमा आणि सीना या नद्यांच्या मधल्या तालुक्याचे कर्जत वेगळे. गोदड महाराजांचे हे गाव तालुक्याचे ठिकाण असूनही वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीच्या कारभारात होते. घराची नोंद नमुना नंबर 8 मध्ये, दाखल्यावर सही ग्रामसेवकाची. एवढे कळले की बहुतेकांचे काम भागत असे.

राज्य सरकारने 2014 मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण घेतले. पुढच्या काळात कर्जतलाही नगरपंचायत आली, 17 प्रभाग पडले. सरपंच आणि ग्रामसेवकाच्या जागी नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी आले, 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याऐवजी 1965 चा नगरपरिषद कायदा लागू झाला. मालक तोच, घरही तेच. दप्तर मात्र बदलले.

याच सुमारास बाकीचे कायदेही हलत होते. 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाने अनेक कामांसाठीची प्रतिज्ञापत्राची अट काढली आणि स्वयंघोषणापत्र पुरेसे मानले. त्याच वर्षीच्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित दाखले ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. तालुक्याच्या गावात एका दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडते, म्हणून या दोन निर्णयांचे मोल शहरात बसून कळणार नाही.

दुकानदारासाठी सर्वांत मोठा पालट 19 डिसेंबर 2017 पासून झाला. 1948 च्या जुन्या कायद्यात लहान दुकानालाही नोंदणी आणि नूतनीकरण लागे. नव्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांची त्यातून सुटका केली. धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. किराणा, सलून, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती, म्हणजे तालुक्याच्या बाजारपेठेतली बहुतेक दुकाने याच गटात मोडतात. लोक त्या पावतीलाही ‘शॉप अ‍ॅक्ट’च म्हणतात, कारण चालू खाते उघडताना बँकेत तोच शब्द कानावर पडतो. पुढे 2022 च्या दुरुस्तीने या लहान दुकानांनाही मराठी पाटीची सक्ती झाली. ते योग्यच झाले.

खाद्यपदार्थांचे मात्र निराळे. वडापावच्या दुकानालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. 2011 मध्ये नियम आले, तेव्हा 12 लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीसाठी तिची फी वर्षाला 100 रुपये होती. हे काम अन्न व औषध प्रशासनाचे. नगरपंचायतीत हेलपाटे घालून ते होत नाही. कुठला कागद कुठल्या दारी मागायचा, हे विक्रेत्याला सांगणारे कुणी हवे असते.

हातगाडीवाल्यांचा प्रश्न करोनात उघडा पडला. पथविक्रेता कायदा 2014 चा, पण ओळखपत्राचे महत्त्व जून 2020 मध्ये केंद्राची स्वनिधी कर्ज योजना आली तेव्हा अनेकांना जाणवले. त्या वेळी 10 हजारांचे पहिले कर्ज हवे असेल, तर पथविक्रेता म्हणून नोंद लागे. सर्वेक्षणात नाव नसलेल्यांना स्थानिक संस्थेचे शिफारसपत्र चालेल, अशी सोय केंद्राने ठेवली. शहराच्या हद्दीत येऊन विकणाऱ्या आसपासच्या खेड्यांतल्या विक्रेत्यांनाही तिचा लाभ होता. कर्जतसारख्या गावात, जिथे भाजीची पाटी शेजारच्या वाडीवरून येते, ही तरतूद फार मोलाची.

घर बांधणाऱ्यांसाठी डिसेंबर 2020 ची एकत्रित नियमावली आली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील कमी जोखमीच्या बांधकामासाठी परवानगीची वाट पाहणे तिने संपवले. आराखडा, कागदपत्रे आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी.

सरकारी खिडक्या कमी झाल्या, तसे संगणकासमोर बसणाऱ्या मध्यस्थाचे महत्त्व वाढले. 1 जुलै 2020 पासूनची लहान उद्योगांची उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि तिच्यासाठी सरकार एक रुपयाही घेत नाही. ती करून देण्यासाठी कुणी शेकड्यांत पैसे मागत असेल, तर ते सरकारी शुल्क नव्हे, हे दुकानदाराला आधी ठाऊक असायला हवे.