कानांतला अखंड नाद

मध्यरात्र उलटून गेलेली असते. वडाळा रोड स्थानकांतून हार्बर मार्गाची शेवटची गाडी निघून जाते, मालमोटारींची वर्दळ विरळ होते, चाळींतले दिवे मालवले जातात. साऱ्या वस्तीला शांतता लाभते. आणि नेमक्या त्याच घटकेला एखाद्या खोलींतल्या वृद्ध गृहस्थाच्या कानांत शिट्टी वाजूं लागते. ती दिवसांही वाजत होती, परंतु दिवसाच्या कोलाहलांत बुडून गेली होती. आतां ती एकटीच उरते. तो कूस बदलतो, उठून खिडकी लावतो, पुन्हा उघडतो. आवाज बाहेरचा नव्हेच, तर खिडकी लावून काय होणार? घरांतल्या इतर कोणास तो ऐकूं येत नाहीं. सकाळीं सांगावें तर उत्तर मिळतें, "वय झालें, असें व्हायचेंच."

श्रोतेहो, ज्यांनीं आपल्या उमेदीचीं वर्षें गिरणीच्या सांचेखात्यांत घालविलीं, त्यांच्यापैकीं अनेकांना हें चित्र परकें वाटणार नाहीं. हा नाद कोठून येतो आणि तो समूळ गेला नाहीं तरी त्याचा जाच कसा कमी करतां येतो, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

इंग्रजी वैद्यकांत या विकारास टिनिटस म्हणतात. आपल्याकडे कर्णनाद हा शब्द फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत याची गणना आहे. आणि माधवनिदानांत रोग्याला भेरी, मृदंग, शंख यांच्यासारखे नाद ऐकूं येतात असें वर्णन आहे. तेव्हां ही व्याधि यंत्रयुगानें निर्माण केली असें नाहीं. यंत्रयुगानें तिचे रोगी मात्र वाढविले.

मुंबईंतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिली. पुढें परळ, लालबाग, नायगांव, वडाळा हा सारा टापू भोंग्याच्या हुकमावर उठूं-बसूं लागला. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. माग भंगारांत गेले, भोंगे मुके झाले. परंतु त्या मागांवर राबलेल्या कित्येकांच्या कानांतला आवाज कांहीं थांबला नाहीं.

याचें कारण साध्या गणितानें समजतें. धोट्याच्या मागांच्या खात्यांत आवाज १०० डेसिबलांच्या आसपास असे. अमेरिकेंतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेचें प्रमाण असें कीं, ८५ डेसिबल आवाजांत दिवसाकांठीं ८ तासांहून अधिक राहूं नये. आणि आवाज ३ डेसिबलांनीं वाढला कीं ही मुदत निम्मी करावी. या हिशेबानें १०० डेसिबलांस मुदत उरते ती अवघी १५ मिनिटें! आमचा सांचेवाला तेथें ८ तासांची पाळी भरी, म्हणजे मर्यादेच्या ३२ पट. आणि तीही वर्षानुवर्षें. गोंगाटानें येणाऱ्या बहिरेपणाला आपल्या देशाच्या कामगारविषयक कायद्यांनीं व्यवसायजन्य रोगांच्या यादींत स्थान दिलें आहे, तें उगीच नव्हे.

आपल्या अंतःकर्णांत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तींत सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरी त्यांना हालवितात आणि ती वार्ता मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते. प्रचंड आवाजानें, वार्धक्यानें किंवा कांहीं औषधांनीं या पेशी मरतात, आणि मनुष्यप्राण्यांत त्या पुन्हा उगवत नाहींत. बहुधा उंच सुरांच्या पेशी प्रथम जातात. मग त्या सुरांची वार्ता मेंदूला मिळेनाशी होते.

येथें रेडिओचाच दृष्टान्त घेऊं. दूरचें केंद्र क्षीण ऐकूं येऊं लागलें कीं आपण आवाजाची कळ फिरवून तो वाढवितों; परंतु गाण्याबरोबर खरखरही वाढते. मेंदू असेंच कांहींसें करतो, असें शास्त्रज्ञांचें आजचें मत आहे. कानाकडून येणारी वार्ता रोडावली कीं तो आपली कळ वाढवितो, आणि त्याच्या स्वतःच्याच व्यापारांतली खरखर शिट्टी होऊन ऐकूं येते. ती थोडीफार सर्वांतच असते. १९५३ सालीं हेलर आणि बर्गमन या अमेरिकन संशोधकांनीं ८० निरोगी कानांच्या माणसांना आवाज न शिरणाऱ्या खोलींत बसविलें. त्यांपैकीं शेंकडा ९४ जणांना कसला ना कसला नाद ऐकूं आला! म्हणून हें वेडाचें लक्षण नव्हे, आणि बहुतेकांच्या बाबतींत कोणत्याही भयंकर रोगाची चाहूलही नव्हे.

तरीही प्रथम कान तपासून घेणें अवश्य आहे. कित्येकदां कानांत सांचलेला मळ हेंच कारण निघतें आणि तो काढतांच आराम पडतो. क्विनीन, मोठ्या मात्रेंतील ॲस्पिरिन, जेंटामायसिनसारखीं औषधें यांनींही नाद उत्पन्न होतो. तेव्हां आपण घेत असलेल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी, मात्र आपल्या मनानें औषध थांबवूं नये. नाद एकाच कानांत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा त्याबरोबर घेरी येत असेल, तर तपासणी लांबवूं नये. आणि एकाएकीं ऐकूं येईनासें झालें, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें, कारण तेथें गेलेला प्रत्येक दिवस उपचाराची संधि घटवितो. वडाळ्याच्या रहिवाशांना शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचें के. ई. एम. रुग्णालय जवळ आहे. श्रवणदोषांसाठीं वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था आहे. कानांत ऊन तेल ओतणें किंवा काडी घालणें हे उपाय नव्हेत, अपाय आहेत.

तपासणींत दुरुस्त होण्याजोगें कारण सांपडलें नाहीं म्हणजे पुष्कळांना ऐकावें लागतें, "यावर औषध नाहीं." हें वाक्य अर्धें खरें आहे. नाद हमखास घालविणारें औषध अद्याप सिद्ध झालेलें नाहीं, हें खरें. अमेरिकेंतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीनें २०१४ सालीं गिंको, जस्त इत्यादि पूरक द्रव्यें यासाठीं देऊं नयेत असाच सल्ला दिला. म्हणून जाहिरातींतल्या रामबाण गोळ्यांवर पैसे घालवूं नयेत. परंतु औषध नाहीं म्हणजे उपाय नाहीं, असें मात्र नव्हे.

त्या उपायाचें मर्म आमच्या सांचेवाल्याला स्वानुभवानें ठाऊक आहे. खात्यांतला पहिला दिवस आठवून पाहावा. डोकें भणभणून गेलें असेल. महिन्याभरानें तोच गोंगाट जाणवेनासा झाला. उलट आपला माग बंद पडला कीं तेवढें मात्र चटकन् कळे. बैठकींतला तंबोराही असाच. प्रारंभीं कानीं पडतो, मग तो वाजत असूनही आपण राग ऐकतों, तंबोरा ऐकत नाहीं. जो आवाज निरुपद्रवी आहे अशी मनाची खात्री पटते, त्याला मन मागें सारतें. ज्याचें भय वाटतें, त्यावर पहारा ठेवतें. पावेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञानें १९९० सालीं कर्णनादाची जी उपपत्ति मांडली, तिचा गाभा हाच आहे. शत्रु नाद नव्हे, त्याचें भय आहे.

यावरून व्यवहार ठरतो. पहिली गोष्ट, शांततेचा हव्यास सोडावा. निजतांना पंखा चालूं द्यावा किंवा रेडिओ अगदीं मंद लावावा. नाद त्यांत बुडूं नये, नुसता मिसळावा. दुसरी, ऐकूं कमी येत असेल तर श्रवणयंत्र वापरावें. बाहेरची वार्ता पुन्हा मिळूं लागली कीं मेंदूची वाढलेली कळ कांहींशी उतरते, असा अनेकांचा अनुभव आहे. श्रवणयंत्रांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. चष्म्यांत आपण तो मानीत नाहीं. तिसरी, "आतां वाजतो आहे का?" अशी घटकोघटकीं चौकशी करूं नये; हात आणि मन एखाद्या उद्योगांत गुंतवावें. चौथी, झोंप उडाली असेल आणि विचारांचें चक्र थांबत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यांत संकोच नको. विचारांची दिशा पद्धतशीर बदलण्याच्या उपचाराला आज सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्यानें नादाचा आवाज कमी होत नाहीं. त्याचा छळ कमी होतो. या साऱ्याला आठवडे नव्हे, महिने लागतात.

गिरण्या गेल्या म्हणून ही कथा संपली असें मात्र समजूं नये. मिरवणुकींतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढें नाचणारा तरुण आणि लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठीं कानांतल्या यंत्राचा आवाज चढविणारी कॉलेजकन्यका, दोघेंही सांचेखात्यांतच उभीं आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागासाठीं दिवसां ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. सांचेवाल्याला पोटासाठीं तो आवाज सोसावा लागला. आपण तो हौसेनें विकत घेतों.

शेवटीं घरांतील मंडळींस एक विनंति. आपले आजोबा, आपले वडील रात्रीं उठून बसतात आणि "कानांत वाजतें" म्हणतात, तेव्हां "वय झालें" म्हणून तो विषय मिटवूं नका. त्यांना ऐकूं येणारा आवाज आपल्याला ऐकूं येत नाहीं. पण त्यांचें म्हणणें तरी ऐकूं येतें. तें ऐकून घ्या, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांच्याबरोबर रुग्णालयांत जा. भय हलकें होण्यास तेथूनच प्रारंभ होतो.