सहा मिनिटांचा व्हरांडा

सकाळी साडेसात. धुळ्यातल्या आमच्या रुग्णालयाचा व्हरांडा अजून रिकामा असतो. तीस मीटर अंतर, दर तीन मीटरला चिकटपट्टीची खूण, दोन्ही टोकांना शंकू. उन्हाळ्यात चालण्याची चाचणी ऊन चढायच्या आतच घेते. मेच्या दुपारी चाललेलं अंतर जानेवारीच्या अंतराशी ताडता येत नाही.

साडेआठ. साक्रीहून एसटीने आबा आलेत. हृदय कमजोर, पायांवर सूज. आधी दहा मिनिटं खुर्चीत बसवते. बसल्या जागी नाडी १२० च्या वर गेली तर चाचणी नाही. मग सांगते, "सहा मिनिटांत जमेल तेवढं चाला आबा. दम लागला तर टेका, पण घड्याळ चालूच राहील." मी सोबत चालत नाही, नाहीतर माझाच वेग त्यांच्या पायांत येतो. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, त्याच सुरात. मुलगा मात्र उठून "आबा, अजून एक फेरी!" म्हणतो. त्याला बसवावंच लागतं, कारण त्याच्या हाकेने वाढलेले मीटर आम्ही औषधाचा गुण समजून बसू.

"दम लागस ना, ताई." किती, ते आबा बोटांवर दाखवतात, दहापैकी सहा. अंतर ३०० मीटरच्या आत राहिलं की डॉक्टरांना लगेच कळवते.

अकरा. जळगावकडचा तरुण शेतकरी. औषधं पुरेनाशी झालीत, मुंबईला जायचंय. तिथे तोंडावर मास्क लावून सायकल चालवायची, ऑक्सिजनचा वापर मोजायला. शरीर दर किलोमागे मिनिटाला १४ मिलिलिटरहून कमी ऑक्सिजन वापरत असेल, बीटा ब्लॉकर चालू असताना १२ हून कमी, तर हृदय प्रत्यारोपणाचा किंवा हृदयाला मदत करणाऱ्या पंपाचा विचार होतो.

"पंप बसवला की शेतात जातील ना?" बायको विचारते. या प्रश्नाचं उत्तर द्यायची मी घाई करत नाही. चढावर आपलं हृदय ठोके वाढवतं. हार्टमेटसारखा पंप मात्र डॉक्टरांनी ठरवलेल्या वेगानेच फिरतो. श्रमात त्यातून रक्त थोडं जास्त जातं, तेवढंच. घरात, बाजारात चालणं पुष्कळ सुधारतं, पण सायकलवरचा आकडा बहुतेकांचा निरोग्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. रक्ताचा प्रवाह सलग असल्याने मनगटावर नाडी अनेकदा लागत नाही, रक्तदाब डॉप्लरने मोजतात. पोटातून बाहेर आलेली वायर भिजू द्यायची नाही, म्हणजे विहिरीतलं पोहणं बंद. आणि बॅटऱ्या रोज चार्ज करायच्या. "गावात वीज किती तास असते?" हे मी विचारतेच.

चार. मुंबईच्या डॉक्टरांना पत्र : अंतर, किती वेळा थांबला, दम किती, ऑक्सिजन किती, औषध किती वाजता घेतलं. आणि शेवटी विजेचे तास.