दख्खनचे दंगे आणि दुसऱ्या वर्षाचा वर्ग

सकाळी ७.३०
बी.ए. दुसरं वर्ष, इतिहास. फळ्यावर एवढंच लिहितो: १२ मे १८७५, सुपे. सावकारांविरुद्धचे शेतकऱ्यांचे दंगे इथून पेटले. आज नोट्स नाहीत म्हटल्यावर ठरलेला प्रश्न येतो, "सर, मग परीक्षेत लिहायचं काय?"

७.४०
दोन झेरॉक्स वाटतो. एकीवर दंग्यांच्या चौकशी आयोगाचा निष्कर्ष: शेतसारा हे कारण नव्हे, दोष सावकारांचा. दुसरीवर नुसता घटनाक्रम: अमेरिकेतल्या यादवीत चढलेला कापसाचा भाव, १८६५ला युद्ध संपल्यावर त्याची घसरण, १८६७पासून फेरआकारणीत वाढलेला सारा. आता दहा मिनिटं फक्त वाचायचं आणि समासात प्रश्न लिहायचे. बोलायला मलाही बंदी, आणि ती मलाच जास्त जड जाते.

७.५०
"दंगेखोरांनी वह्या आणि कर्जरोखेच का जाळले?"
"कोर्टात कागदच चालायचा ना!"
"पण आयोग नेमला कोणी?"
"सरकारनंच."
वर्गात हशा. विचारतो, "मग अहवाल रद्दीत टाकायचा?" हशा थांबतो. शंका घेणं पोरांना जमतं. शंका आल्यावर तीच कागदपत्रं पुन्हा कशी वाचायची, तिथे घोडं अडतं. याच अहवालात रयतेच्या जबान्याही आहेत.

११.००
इंटर्नलचे पेपर. एकाच गाईडमधला परिच्छेद वहीमागून वही. समासात लाल शाईनं लिहीत जातो: कशावरून?

१.००
स्टाफरूममध्ये डबा. "पोर्शन कधी संपणार तुमचा?" सहकाऱ्याचं म्हणणं खोटं नाही. एका तारखेवर तास घालवला की पुढचे दोन मुद्दे घरी वाचायला द्यावे लागतात.

२.३०
ग्रंथालय. दोघी फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' घेऊन बसल्यात. लेखन १८८३चं, म्हणजे दंग्यांनंतर आठ वर्षांनी. फुले ब्राह्मण सरकारी नोकरांना आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनाही सोडत नाहीत. एक दबकत विचारते, "सर, फुल्यांनापण 'कशावरून?' विचारायचं?"
"विचारायचंच."

४.००
जाण्याआधी प्रत्येकानं चिठ्ठी द्यायची: सकाळी काय वाटत होतं, आता काय वाटतं, आणि काय सापडलं तर मत बदलाल? तिसरा रकाना बहुतेकांचा कोरा. एकीच्या चिठ्ठीत मात्र लिहिलंय: "सारा वाढलेल्या आणि न वाढलेल्या गावांत दंगे सारखेच झाले असतील, तर मी आयोगाचं मानीन." उद्याचा तास या वाक्यावर. गावांची यादी मात्र तिनंच शोधायची.