परक्या मुलखात घरची चव का हवी?

ऑगस्ट-सप्टेंबर हे परदेशी शिकायला जाणाऱ्यांचे महिने. पूर्वी ही लगबग पुण्या-मुंबईत दिसायची, आता हिंगणघाटसारख्या तालुक्याच्या गावातही दिसते. कुणी एमएससाठी अमेरिकेला किंवा जर्मनीला निघते, कुणी एमबीबीएससाठी रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तानला. बऱ्याच विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलोची मर्यादा घालतात. त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री घरोघरी वजनकाटा मध्ये ठेवून बॅगा भरणे चालते. वजन जास्त भरले की सगळ्यात आधी बाहेर निघतात ते आईने ठेवलेले डबे. जवसाची चटणी, मुंगवड्या, सांडगे, कुरड्या, पापड. ‘तिकडे सगळं मिळतं, हे ओझं कशाला?’ असे वडील म्हणतात आणि लेकरूही मान डोलावते.

डॉक्टर म्हणून माझे मत आईच्या बाजूने आहे. त्या डब्यांत काय असते, ते आज पाहू.

नाकातून थेट आठवणीपर्यंत

डोळ्यांनी पाहिलेले किंवा कानांनी ऐकलेले मेंदूच्या वरच्या भागात पोहोचण्याआधी ‘थॅलॅमस’ नावाच्या केंद्रातून जाते. वासाची वाट वेगळी. नाकाच्या छतातल्या पेशींकडून निघालेला संदेश थॅलॅमसमध्ये न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी शेजारी उतरतो. म्हणून तेलात मोहरी तडतडून हिंगाचा वास सुटला की क्षणात घर आठवते, विचार करावा लागत नाही.

आपण जिला ‘चव’ म्हणतो तिचा मोठा हिस्साही वासच असतो. घास चावताना त्याचा वास घशाच्या मागून नाकात चढतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागते ते यामुळेच. ओळखीच्या वासाने तोंडाला पाणी सुटते, जठरात पाचकरस झरू लागतात. पचनाची ही पहिली पायरी रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनी प्रयोगांनी दाखवून दिली. पचनावरील कामासाठी त्यांना १९०४ मध्ये नोबेल मिळाले. ताटातल्या कशाचाच वास ओळखीचा नसेल तर भूक मंदावते. मूल म्हणते, ‘जेवण जात नाही.’ आपण म्हणतो, ‘नखरे आहेत.’ त्यात नखऱ्यांचा भाग थोडा असतो आणि शरीराचा बराच.

जुने दुखणे

घरच्या ओढीला वैद्यकाने फार पूर्वी नाव दिले आहे. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधील बाझल येथे यावर प्रबंध लिहिला. परमुलखात गेलेले स्विस तरुण झोप, भूक आणि उत्साह गमावून खंगत जातात, असे त्याने नोंदवले. घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ‘नोस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. अमेरिकेच्या यादवी युद्धात तर लष्करी डॉक्टर हे निदान म्हणून कागदावर लिहीत असत.

आज घरची ओढ हा आजार मानला जात नाही, आणि ते योग्यच आहे. नव्या जागी पहिले काही आठवडे ती तीव्र असते. दिवसभर कामात जाणवत नाही, संध्याकाळी आणि रिकाम्या वेळी दाटून येते. ओळखी झाल्या, दिनक्रम बसला की बहुतेकांची ती ओसरते. पण तोवर शरीराची हेळसांड झाली, तर तिचे परिणाम ओढ ओसरल्यावरही मागे राहू शकतात.

तिघांची गोष्ट

आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाने त्यांना लेकीसारखे सांभाळले. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना मात्र खोली, स्वयंपाक आणि थंडी त्यांची त्यांनाच निभवावी लागली. शाकाहार आणि साडी सोडायची नाही, असा त्यांचा निश्चय होता. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी राहतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. खोलीतली शेकोटी पेटवली की धूर कोंडे, न पेटवावी तर गारठा. अशात त्यांनी अभ्यास पुरा केला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळवली. पण तब्येत ढासळत गेली होती. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता.

क्षय जंतूमुळे होतो, आठवणींमुळे नाही. मात्र अंगात शिरलेला जंतू डोके वर काढेल की दबून राहील, हे बऱ्याच अंशी पोषणावर ठरते. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना पोषक शिधा देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. आनंदीबाईंच्या काळी क्षयावर औषध नव्हते. अन्न, ऊब आणि विश्रांती एवढीच ढाल होती आणि शिकण्याच्या वर्षांत तीच पातळ झाली.

दुसरी गोष्ट महात्मा गांधींची. सेवाग्राममुळे ते आपल्या जिल्ह्याचेच. १८८८ मध्ये ते लंडनला गेले तेव्हा त्यांचेही वय १८ होते. रात्री घर आठवून डोळ्यांतून पाणी वाहत असे आणि मिळमिळीत उकडलेल्या भाज्यांनी पोट भरत नसे, असे त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली, तेव्हा कुठे पोटभर जेवण झाले. पुढे त्यांनी घरून आणलेली मिठाई आणि मसाले स्वतःहून सोडले. आधी बेचव वाटलेला उकडलेला पालक मग त्यांना आवडू लागला. चवीचे खरे स्थान जिभेवर नसून मनात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मेंदू नवी चव शिकू शकतो, हे खरेच आहे. पण क्रम लक्षात घ्या: आधी पोट भरले, मन थाऱ्यावर आले, मग प्रयोग सुचले.

तिसरी गोष्ट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. १९२० ते १९२३ या काळात ते लंडनमध्ये शिकत होते. जिथे राहत, तिथले जेवण अगदी तुटपुंजे होते. रात्री उशिरापर्यंत वाचताना भूक असह्य झाली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून ते भागवत, असे धनंजय कीर यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरचे त्यांचे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. तिथे जाणाऱ्यांनी त्यांच्या ग्रंथांबरोबर त्या पापडांचीही आठवण काढावी.

ऊन, दूध आणि झोप

ज्यांची सवय असते पण जाणीव नसते, अशाही काही गोष्टी मागे राहतात. पहिली म्हणजे ऊन. मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात तापणाऱ्या आपल्या गावात उन्हाची उणीव कुणाला कळणार? पण डिसेंबरात आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तर लंडनमध्ये जेमतेम ८ तासांचा. तिथला हिवाळ्यातला तिरपा सूर्य त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार करायला पुरत नाही. सावळ्या त्वचेला त्यासाठी आणखी जास्त ऊन लागते. त्यातून अंगदुखी आणि स्नायूंचा अशक्तपणा येऊ शकतो. उजेड कमी झाल्याने काहींचे मनही खिन्न होते. हिवाळ्यातली ही उदासी वैद्यकाला परिचित आहे आणि तिच्यावर उपचार आहेत.

दुसरी गोष्ट दूध-दही. शाकाहारी माणसाला बी-१२ जीवनसत्त्व प्रामुख्याने यांतूनच मिळते. घरी रोज दही-ताक पिणारा मुलगा तिकडे ब्रेड आणि इन्स्टंट नूडल्सवर दिवस काढतो. यकृतात साठा असतो, म्हणून लगेच काही जाणवत नाही. नंतर थकवा, तोंड येणे, हातापायांना मुंग्या सुरू होतात. जाण्याआधी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या, कमतरता असेल तर भरून काढूनच पाठवा.

तिसरी गोष्ट झोप. घरच्यांशी बोलता यावे म्हणून कित्येक मुले तिकडच्या मध्यरात्री फोन करतात. वेळ त्यांच्या सोयीची ठरवा, आपल्या नव्हे.

घरच्यांनी काय करावे?

डब्यांना बॅगेत जागा द्या. मात्र नियम पाहून. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप-पेढे जप्त होऊ शकतात. अमेरिकेत ताजा कढीपत्ता चालत नाही. ऑस्ट्रेलियात प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो, लपवल्यास दंड होतो. कोरडे मसाले, पापड, मेतकूट यांना बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही, तरी त्या देशाची यादी वाचूनच बॅग भरा. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह द्या.

डब्यांपेक्षाही मोठी शिदोरी म्हणजे स्वयंपाक. खिचडी, वरण-भात, पोहे आणि एक भाजी एवढे तरी मुलाला आणि मुलीला यायलाच हवे. तांदूळ आणि डाळ आज बहुतेक मोठ्या शहरांत मिळतात. फोडणी द्यायला जमली की खोलीत घरचा वास येतो. आठवड्यातून एकदा चार जणांनी मिळून रांधावे, म्हणजे जेवणाबरोबर बोलणेही होते.

फोनवर ‘जेवलास का?’ याला उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. त्याऐवजी ‘आज काय खाल्लं? कुणाबरोबर?’ असे विचारा. दर महिन्याला वजन विचारा. ‘शेत गहाण ठेवून पाठवलंय, आता रडू नको,’ हे वाक्य कटाक्षाने टाळा. डोक्यावरच्या कर्जाची जाणीव मुलांना असतेच. ते बोलून दाखवले की दुखणे सांगायचे तेवढे बंद होते.

ओढ कधी, आजार कधी?

घरची ओढ हळूहळू कमी व्हायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप उडाली, वर्गात जाणे थांबले, दारू वाढली किंवा ‘जगून काय उपयोग’ असे शब्द तोंडी आले, तर ‘होईल सवय’ म्हणू नका. बहुतेक विद्यापीठांत समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जायला सांगा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी त्याच्या सोबत राहणाऱ्यांना किंवा विद्यापीठाला कळवा. इथल्या पालकांना सल्ला हवा असेल तर ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन आहे.

शरीराच्या खुणाही तितक्याच महत्त्वाच्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, उतरत जाणारे वजन. मूल सुटीत घरी आले आणि यांतले काही दिसले, तर ‘तिकडचं खाणं मानवलं नाही’ म्हणून सोडून देऊ नका. सरकारी रुग्णालयात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. आनंदीबाईंच्या हाती नसलेले औषध आज आपल्या गावात आहे, ते वेळेवर मागायला मात्र आपण दारात यायला हवे.

आणि बॅगेचे वजन २३ किलोच्या वर गेलेच, तर एखादा जीन्सचा जोड बाहेर काढा. कपडे तिकडेही मिळतात.